गाळलेल्या दोन अक्षरांचा ताल : अल डी मिओला यांचा ‘वर्ल्ड सिन्फोनिया’

१९९१ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड सिन्फोनिया’ या अल्बमच्या वादकवृंदात पाच जण आहेत. गिटारवर स्वतः अल डी मिओला, दुसऱ्या गिटारवर क्रिस कॅरिंग्टन, बँडोनियन या भात्याच्या वाद्यावर दिनो सालुझी, काँगा या हाताने वाजवायच्या उंच ढोलांवर गम्बी ऑर्टिझ आणि उरलेल्या सगळ्या तालवाद्यांवर आर्तो तुन्चबोयाजियान. यांतल्या शेवटच्या नावापाशी मी दरवेळी थांबतो, कारण त्या काळातल्या अनेक ध्वनिमुद्रिकांवर हे नाव ‘तुन्चबोयाजी’ एवढेच छापलेले आढळते. तुर्की भाषेत ‘तुन्च’ म्हणजे कांसे आणि ‘बोयाजी’ म्हणजे रंगारी. शेवटचा ‘यान’ हा मात्र आर्मेनियन प्रत्यय आहे आणि त्याचा अर्थ ‘अमक्याच्या वंशातला’ असा होतो. आपल्याकडच्या कासार, तांबट, रंगारी या आडनावांप्रमाणे हेही एका कारागीर घराण्याचे नाव आहे, आणि ते घराणे आर्मेनियन आहे हे सांगण्याचे काम त्या शेवटच्या दोन अक्षरांकडे आहे. तुर्कस्तानात १९३४ साली आडनावांचा कायदा झाला आणि त्याच्या नियमांनी नव्या आडनावांमध्ये ‘यान’सारखे प्रत्यय नाकारले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही गाळलेली अक्षरे बोचल्याशिवाय राहत नाहीत. या अल्बमविषयी मला जे सांगायचे आहे ते बरेचसे या दोन अक्षरांत आहे. टँगो, क्यूबन काँगा आणि जॅझ यांची नावे सगळे घेतात, पण या संगीताला जमिनीवर उभे करणारा जो आर्मेनियन हात आहे त्याचे नाव घेतले जात नाही, आणि तो हात काढून घेतला तर हा अल्बम एक नीटनेटका, सुरेल आणि काहीसा थंड गिटार-संग्रह होऊन बसेल.

डी मिओला यांची ओळख आपल्याकडच्या श्रोत्यांना बहुधा गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यामुळे झाली. झाकिर हुसेन यांच्याबरोबरच्या ‘शक्ती’मुळे मॅक्लॉफ्लिन मुंबई-पुण्याच्या रसिकांना घरच्यासारखे होते, आणि त्यांच्या मागोमाग ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात झालेल्या त्या तीन गिटारींच्या मैफलीची ध्वनिफीत इकडे हातोहात फिरली. मॅक्लॉफ्लिन आणि पाको दे लुसिया यांच्या शेजारी बसलेला तिसरा, वयाने सर्वांत लहान वादक म्हणजे डी मिओला. जन्म १९५४ चा, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीचा, इटालियन स्थलांतरितांच्या घरातला. बोस्टनच्या बर्कली महाविद्यालयात शिकत असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १९७४ मध्ये पियानोवादक चिक कोरिया यांनी त्यांना ‘रिटर्न टू फॉरएव्हर’ या आपल्या जॅझ-फ्यूजन गटात घेतले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत विजेच्या गिटारवरचा त्यांचा वेग हा जगभरच्या तरुण वादकांच्या चर्चेचा विषय झाला. उजव्या तळहाताची कड तारांवर किंचित टेकवून, नाद अर्धा दाबून, एकेक सूर मण्यासारखा सुटा काढण्याची त्यांची पद्धत आजही दोन मात्रांत ओळखता येते.

या वेगाबद्दल आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: तयारी. तयारीच्या गायकाविषयी जाणकार जो प्रश्न विचारतात तोच डी मिओला यांच्याविषयी वर्षानुवर्षे विचारला गेला, की एवढी तान आली कोठून हे कळले, पण ती आता का आली? १९७७ चा ‘एलिगंट जिप्सी’ मला आजही आवडतो, तरी त्यातल्या विजेच्या गिटारवरच्या काही जागा ऐकताना हा प्रश्न मनात येतोच. १९८५ च्या ‘चिएलो ए तेर्रा’पासून ते अकूस्टिक गिटारकडे गंभीरपणे वळले आणि त्याच सुमारास त्यांची टँगोचे अर्जेंटिनी संगीतकार आस्तोर पियाझोला यांच्याशी ओळख होऊन मैत्री जुळली. दोघांचीही मुळे इटलीत, एकाचे कुटुंब अर्जेंटिनात गेलेले, दुसऱ्याचे अमेरिकेत. पियाझोला यांच्या संगीताने डी मिओला यांना थांबायला शिकवले असे मी म्हणेन, आणि ‘वर्ल्ड सिन्फोनिया’ हा त्या शिकण्याचा पहिला पूर्ण पुरावा आहे.

अल्बमच्या नावाचा माझ्याशी थोडा झगडा आहे. ‘जागतिक’ हा शब्द त्या दशकात अमेरिकी-युरोपीय बाजारपेठेत इतक्या सढळपणे वापरला गेला की त्याखाली कोणताही मुलूख, कोणतीही भाषा एकाच फडताळात ठेवता येई. प्रत्यक्षात हा अल्बम जगाचा नाही, तो फार नेमक्या तीन-चार ठिकाणांचा आहे: ब्वेनोस आयरेसचे बंदर, अर्जेंटिनाच्या वायव्येचा सालता प्रांत, काँगांचे क्यूबा आणि इस्तंबूलची आर्मेनियन वस्ती. या नेमकेपणातच त्याची श्रीमंती आहे.

आधी बँडोनियनविषयी, कारण मराठी कानाला या अल्बमात शिरण्याची सर्वांत सोपी वाट तीच आहे. ज्यांच्या घरात पेटी वाजत होती त्यांना हे वाद्य पहिल्याच सुराला नात्यातले वाटेल, आणि ते नाते खरेच आहे. दोन्ही वाद्यांत भात्याची हवा धातूच्या पातळ पात्यांवरून जाते आणि ती पाती थरथरून सूर निर्माण होतो. बँडोनियनचे नाव जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हाइनरिक बांड यांच्यावरून आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते जर्मनीत रुजले आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात स्थलांतरितांबरोबर समुद्र ओलांडून रिओ दे ला प्लाताच्या काठावर टँगोचा प्राण झाले. पेटीत एक हात भात्यावर अडकतो, बँडोनियनमध्ये दोन्ही हात बटणांवर असतात आणि भाता दोन हातांच्या मध्ये, बहुधा मांडीवर टेकलेला, उघडतो-मिटतो. शिवाय एकच बटण भाता उघडताना एक सूर देते आणि मिटताना दुसरा, त्यामुळे वादकाला एका अर्थाने चार स्वरपट्ट्या पाठ कराव्या लागतात. मींड त्यावर निघत नाही, अगदी पेटीसारखीच. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षे पेटीला दार बंद ठेवले होते. पण हवेचा दाब कमी-जास्त करून सुराला श्वास देण्याची जी करामत आपल्याकडच्या मोठ्या संवादिनीवादकांनी साधली, तीच सालुझी यांच्या हातात ऐकू येते.

सालुझी यांचा जन्म १९३५ चा, सालता प्रांतातल्या काम्पो सांतो या लहानशा गावचा. म्हणजे टँगोच्या राजधानीपासून हा माणूस दूर, डोंगराळ मुलखातल्या लोकगीतांत वाढलेला. त्यांचा टँगो शहरी नाही, त्यात दिखाऊ झटके नाहीत. वाक्य अर्धे म्हणून ते गप्प बसतात आणि ती शांतता डी मिओला यांच्यासारख्या वादकासमोर फार मोठी परीक्षा ठरते, कारण जिथे जागा दिसेल तिथे सूर भरण्याची सवय हाताला लागलेली असते. अल्बमच्या पहिल्या काही मिनिटांत मला हीच ओढाताण ऐकू येते. ‘पर्पेच्युअल इमोशन’ हा सुरुवातीचा तुकडा नावाप्रमाणेच अविरत पुढे सरकणारा आहे, आणि त्यात गिटार नेतृत्व करते हे खरे असले तरी बँडोनियन आले की गिटारची घाई आपोआप उतरते. एखाद्या बैठकीत वडीलधारा साथीदार हातातल्या एका खुणेने तरुण गायकाची लय खाली आणतो, तसे काहीसे हे आहे.

पियाझोला यांच्या ‘टँगो स्वीट’चे पहिले आणि तिसरे भाग या अल्बमात आहेत. ही मूळ रचना त्यांनी ब्राझीलच्या सेर्जिओ आणि ओदायर आसाद या गिटारवादक भावांसाठी केली आणि ती तीन भागांची आहे: पहिला ठाम, दुसरा संथ, तिसरा जलद. इथे संथ भाग वगळला आहे. हा निर्णय मला पटलेला नाही. पियाझोला यांच्या कडक कोपऱ्यांना त्या मधल्या भागातल्या एकटेपणाची पार्श्वभूमी लागते, नाहीतर ते कोपरे नुसते चमकतात. डी मिओला यांनाही बहुधा ते जाणवले असावे, कारण १९९३ च्या ‘हार्ट ऑफ द इमिग्रंट्स’ या पुढच्या अल्बमात तो राहिलेला दुसरा भाग त्यांनी घेतला. मात्र जे दोन भाग इथे आहेत ते वाजवले आहेत अतिशय बारकाईने. शास्त्रीय गिटारवादक ही रचना बोटांच्या नखांनी वाजवतात, तर डी मिओला प्लेक्ट्रमने, म्हणजे बोटांत धरायच्या छोट्या पातीने, आणि त्यामुळे प्रत्येक सुराला एक टोक येते. पियाझोला यांचा आवडता आघात आठ मात्रांत तीन-तीन-दोन असा पडतो. आपल्या केरव्याच्या किंवा भजनी ठेक्याच्या आठ मात्रा हाताने मोजत बसा आणि पहिल्या, चौथ्या व सातव्या मात्रेवर टाळी द्या, म्हणजे हा आघात कसा पुढे ढकलतो ते शरीराला कळेल. प्लेक्ट्रमचा टोकदार सूर या तीन टाळ्यांना इतका शोभतो की आसाद बंधूंची गोलाई आठवूनही मला इथली धार हवीशी वाटते. कॅरिंग्टन यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. दुसरी गिटार ही नेहमी दुसरीच राहते. पण या दोन भागांत दोन्ही बाजू सारख्याच कठीण आहेत आणि ते कोठेही मागे पडत नाहीत.

आता आर्तो यांच्याकडे.

त्यांचा जन्म १९५७ चा, इस्तंबूलजवळचा, आर्मेनियन कुटुंबातला. थोरले भाऊ ओन्नो तुन्च हे तुर्की लोकप्रिय संगीतातले मोठे संगीतकार, ज्यांचा १९९६ मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला. आर्तो १९८१ मध्ये अमेरिकेत आले. तिथे ऊदवादक आरा दिंकजियान यांच्या ‘नाइट आर्क’ या गटात त्यांनी आर्मेनियन आणि अनातोलियन सुरावटी जॅझच्या मोकळ्या रचनेत आणल्या, आणि त्या गटाचे १९८० च्या दशकातले काम ऐकले की ‘वर्ल्ड सिन्फोनिया’त ते काय घेऊन आले हे स्पष्ट होते. तालवादक हा शब्द त्यांना पुरत नाही. दाराबुका, डफासारखी चामड्याची वाद्ये, झांजा, खुळखुळे, इतकेच काय पाण्याची बाटलीसुद्धा ते वाजवतात, आणि वाजवता वाजवता गळ्यातून जे काढतात ते गाणे आणि बोल यांच्या मधले काहीतरी असते. तबलजी बोल म्हणून दाखवतो तेव्हा शब्द नसतात पण अर्थ असतो, हे ज्याला कळते त्याला आर्तो यांचे हे निःशब्द गुणगुणणे समजावून सांगावे लागणार नाही.

तरीही आपला आणि त्यांचा ताल एक नाही, आणि हा फरक समजून घेण्यात या अल्बमची निम्मी गोडी आहे. आर्मेनियन आणि अनातोलियन लोकसंगीतात दहा मात्रांचे एक लोकप्रिय चक्र आहे, ज्याचे खंड तीन, दोन, दोन, तीन असे पडतात. आपला झपताल दहाचाच, पण दोन, तीन, दोन, तीन असा, त्यामुळे झपताल दर पाच मात्रांनी स्वतःचीच आकृती पुन्हा काढतो आणि त्याला एक डौलदार झोका मिळतो. त्या दुसऱ्या चक्रात मात्र शेवटचे तीन आणि पुढच्या आवर्तनाचे पहिले तीन एकमेकांना लागून येतात. म्हणजे आवर्तन संपता संपता लय रुंदावते, सम आली तरी पाऊल अजून हवेतच असते आणि मग मधल्या दोन-दोनवर ते पटकन टेकते. ज्याच्या हातात असे चक्र लहानपणापासून मुरले आहे तो वादक साध्या आठ मात्रांच्या टँगोवर साथ करतानाही मात्रांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. आर्तो सम ठोकून दाखवत नाहीत. ते समेच्या आधीची जागा रुंद करतात. ‘वर्ल्ड सिन्फोनिया’ ऐकताना टँगो अनेकदा नृत्याच्या फरशीवरून उचलला जाऊन कुठल्यातरी उघड्या माळावर आल्यासारखा वाटतो, त्याचे कारण मला वाटते हेच आहे. डी मिओला यांच्या सुरावटी न बदलता, एकही आर्मेनियन धून न वाजवता, नुसत्या आघातांच्या वजनाने आर्तो त्यांचा मुलूख बदलतात.

गम्बी ऑर्टिझ यांच्या काँगा आणि आर्तो यांची वाद्ये एकमेकांच्या पायात येत नाहीत, ही गोष्ट सहज घडत नसते. काँगाचा आवाज खोल आणि गोल, त्याचे काम आवर्तन बांधून ठेवण्याचे. त्याच्या वर आर्तो जे करतात ते बांधलेल्या दोरीवर चालण्यासारखे आहे: कधी फक्त झांजेची कड, कधी चामड्यावर बोटाच्या पेराचा एकच ठोका, कधी बराच वेळ काहीच नाही. लॅटिन संगीताच्या बाजूने पाहिले तर गम्बी यांच्याविना हा अल्बम सैल पडला असता, पण ऐकणाऱ्याला पुढे काय येणार याची जी हुरहुर लागते ती आर्तो यांची देणगी आहे.

झांजांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. जगातल्या बहुतेक जॅझ ढोलवादकांच्या झांजांवर ज्या घराण्याचे नाव असते ते झिल्जियान घराणे सतराव्या शतकातल्या ऑटोमन राजधानीतले आर्मेनियन कारागीर घराणे आहे. ‘झिल’ म्हणजे झांज, ‘जी’ म्हणजे ती करणारा आणि पुन्हा तेच ‘यान’. १६२३ पासून चालत आलेला हा व्यवसाय विसाव्या शतकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये आला, आणि तेव्हापासून स्विंगपासून फ्यूजनपर्यंतच्या जवळपास प्रत्येक ध्वनिमुद्रणात आर्मेनियन कांशाचा नाद आहे. तेव्हा जॅझ आणि आर्मेनिया यांचा संगम हा १९९० च्या दशकातला नवा प्रयोग नव्हे. तो आधीपासून चालू होता, फक्त नावाने ओळखला जात नव्हता. आर्मेनियन आणि लॅटिन अमेरिका यांच्याबाबतही तेच. १९१५ च्या नरसंहारातून वाचलेली आणि देशोधडीला लागलेली अनेक कुटुंबे ब्वेनोस आयरेसला पोहोचली, आणि त्या शहरातल्या पालेर्मो भागात आज आर्मेनिया नावाचा रस्ता आहे. टँगो हे स्थलांतरितांचे गाणे आहे असे आपण वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर इटालियन आणि स्पॅनिश माणसे येतात. त्या बोटींवर आर्मेनियनही होते. (मुंबईच्या फोर्टातले १७९६ चे आर्मेनियन चर्च ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लोक कोठवर पोहोचले होते हे वेगळे सांगायला नको.)

‘ओरिएंट ब्लू’ हा डी मिओला यांचा स्वतःचा तुकडा याच कारणासाठी मला एकाच वेळी आवडतो आणि खटकतो. खटकते ते नाव. ‘पूर्व’ नावाचा धूसर, निळसर प्रदेश कोठेच नसतो. तिथे इस्तंबूल असते, येरेवान असते, बगदाद असते आणि प्रत्येकाचे सूर-ताल वेगळे असतात. संगीतकाराच्या मनातली पूर्व अशी अनिश्चित असली तरी त्याच्या शेजारी बसलेला माणूस मात्र पूर्वेच्या एका अगदी निश्चित गल्लीतून आलेला आहे, आणि वादन चालू झाले की ती निश्चितता जिंकते. गिटारची स्वरवाक्ये इथे लांब होतात, उतरताना रेंगाळतात, आणि मला दुदुकची आठवण येते. दुदुक हे जर्दाळूच्या लाकडाचे आर्मेनियन सुषिरवाद्य. ते परंपरेने जोडीने वाजते. एक वादक धून वाजवतो, दुसरा श्वास न तोडता एकच आधारस्वर धरून ठेवतो, ज्याला ते ‘दाम’ म्हणतात. तानपुऱ्याच्या षड्जाशिवाय गाणे ज्याला अपुरे वाटते त्या आपल्या श्रोत्याला दाम म्हणजे काय हे एका क्षणात कळते. या अल्बममध्ये दुदुक नाही, पण बँडोनियनचा एखादा लांब धरलेला सूर आणि त्यावर मंद फिरणारी गिटार यांतून त्या जोडीची सावली पडते असे मला वाटते. हा माझ्या कानाचा आग्रह असेल, तरी तो मी सोडायला तयार नाही.

चिक कोरिया यांची ‘नो मिस्ट्री’ ही रचना इथे आहे, याला एक वैयक्तिक अर्थ आहे. याच नावाच्या १९७५ च्या ‘रिटर्न टू फॉरएव्हर’च्या अल्बममध्ये डी मिओला वाजवत होते आणि त्या अल्बमला ग्रॅमी मिळाले होते. तिथेही ही रचना अकूस्टिकच होती. सोळा वर्षांनी ती पुन्हा घेताना पियानोची जागा बँडोनियनच्या भात्याने आणि ढोलसंचाची जागा हातांनी वाजणाऱ्या चामड्याने घेतली आहे. तरुणपणी पाठ केलेली चीज पुढे वेगळ्या साथीने मांडताना गायकाला तिच्यात नवी जागा सापडावी, तसे हे वादन आहे. मूळच्या तुलनेत ते कमी चपळ आहे आणि अधिक वाहते आहे, आणि मला दोन्ही हवे आहेत.

‘लास्ट टँगो फॉर आस्तोर’ ऐकताना एक तारीख लक्षात ठेवावी. पियाझोला यांचे निधन ४ जुलै १९९२ रोजी झाले. म्हणजे अल्बम आला तेव्हा ते हयात होते, पण ऑगस्ट १९९० मध्ये पॅरिसमध्ये आलेल्या पक्षाघातानंतर त्यांचे वादन आणि लेखन कायमचे थांबले होते. जिवंत पण बोलू न शकणाऱ्या मित्राला उद्देशून वाजवलेला हा टँगो आहे, श्रद्धांजली नव्हे. कदाचित त्यामुळेच त्यात मोठा आवाज करून रडणे नाही. डी मिओला यांची तयारी इथे पूर्णपणे सेवेत लागली आहे. वेगाच्या जागा येतात, पण त्या एखाद्याने घाईघाईने काहीतरी सांगायचा प्रयत्न करावा आणि मध्येच शब्द सापडू नये अशा येतात. या अल्बममधले त्यांचे सर्वोत्तम वादन माझ्या मते हेच आहे.

आता उणिवा. पहिली, आणि मला सर्वांत जास्त टोचणारी, ही की आर्तो यांना मोकळी जागा फार कमी मिळाली आहे. त्यांचा आवाज आणि त्यांचा ताल एकाच देहाचे दोन अवयव आहेत, पण रचनांचा सांगाडा गिटारवादकाने गिटारसाठी बांधलेला असल्यामुळे ते बहुतेक वेळा काठावर राहतात. आपल्या मैफलीत तबलजीला जसे एखादे आवर्तन सोडले जाते आणि गायक लेहरा धरून बसतो, तसा एकतरी प्रसंग इथे हवा होता. ‘हार्ट ऑफ द इमिग्रंट्स’मध्ये ही तक्रार बऱ्याच अंशी मिटते. म्हणून ज्यांना आर्तो यांच्यासाठी ऐकायचे आहे त्यांनी दोन्ही अल्बम एका बैठकीत, वर्षांच्या क्रमाने ऐकावेत. दुसरी उणीव ध्वनिमुद्रणाची आहे. अकूस्टिक गिटारला त्या काळच्या पद्धतीप्रमाणे एक चकाकी दिली आहे, जी पहिल्या दहा मिनिटांत सुखावते आणि अर्ध्या तासाने थकवते. लाकडाचा नैसर्गिक गंध त्या चकाकीखाली दबतो. बँडोनियन मात्र जवळून आणि खरे ऐकू येते, इतके की ठिकठिकाणी भात्याचा श्वासही कानावर पडावा. तिसरी गोष्ट उणीव म्हणावी की नाही याबद्दल माझे मन दोन्हीकडे जाते. काही जागी डी मिओला जुन्या सवयीने दुहेरी-तिहेरी पट वेगात शिरतात आणि सालुझींनी मोकळी ठेवलेली शांतता भरून टाकतात. ज्यांना त्यांची तयारीच ऐकायची आहे त्यांना या जागा मेजवानीसारख्या वाटतील. मला तिथे सालुझी पुढे काय म्हणणार होते हे ऐकायचे होते.

माझ्याकडची प्रत मी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतली आणि घरी आल्यावर कळले की आतली माहितीची पुस्तिका कोणीतरी काढून घेतली आहे. कोणत्या तुकड्यात कोण वाजवते हे ज्या अल्बममध्ये महत्त्वाचे आहे, तिथे पुस्तिकेविना तबकडी घेणे म्हणजे निम्मी वस्तू घेणे. म्हणून जुनी प्रत घेणाऱ्यांनी आवरण उघडून पाहावे. जालावर ऐकणार असाल तर मोबाइलच्या छोट्या भोंग्यावर हे ऐकू नये, कारण काँगांचा तळ आणि झांजेची कड हे दोन्ही तिथे नाहीसे होतात आणि मग उरते ती फक्त गिटार, म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हा अल्बम आधीच पुरेसा प्रसिद्ध आहे ती. बऱ्या दर्जाचे कानात घालायचे किंवा घरातले स्पीकर असावेत, आणि पहिल्या ऐकण्यात गिटारकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे. ‘ओरिएंट ब्लू’पासून सुरुवात करावी, डाव्या-उजव्या बाजूला चामड्यावर पडणारी बोटे मोजावीत, मग ‘पर्पेच्युअल इमोशन’कडे परत यावे आणि ‘टँगो स्वीट’ शेवटी ठेवावे. ज्यांनी गिटारसाठी हा अल्बम आधीच ऐकलेला आहे त्यांनाही मी हाच क्रम सुचवीन.

आर्तो यांनी पुढे १९९८ मध्ये येरेवानमध्ये ‘आर्मेनियन नेव्ही बँड’ नावाचा वृंद उभा केला. आर्मेनियाला समुद्रकिनारा नाही, म्हणून हे नाव. त्या वृंदाला २००६ मध्ये बीबीसी रेडिओ ३ चा जागतिक संगीताचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकांवर आर्तो यांचे आडनाव पूर्ण छापलेले आहे, ‘यान’सकट.